थ्रू-वायर म्हणून विकलेत आणि आत निघाले दोन स्क्रू

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : १४० ग्रॅमचे २ पॉपर आणि १ स्टिकबेट (दोन्ही मासे गरवायचे ल्युअर, म्हणजे खोटी आमिषं), प्रत्येकी ४,२०० रुपये, एकूण १२,६०० रुपये परत मिळण्याबाबत (चौथ्यांदा)

नमस्कार,

हा माझा चौथा मेल आहे. आधीच्या तिन्हींना तुमच्याकडून एकच उत्तर आलं, ल्युअर ही वापरून झिजणारी वस्तू आहे म्हणून वॉरंटी लागू नाही, आणि खाली १५ टक्क्यांचं कूपन. ते कूपन घेऊन मी काय करू, अजून एक पॉपर घेऊ? म्हणून यावेळी सगळं सविस्तर लिहितोय, जरा लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा कारण यावेळी सोबत एक्स-रे जोडलाय.

आधी एक सांगतो, मी काल गरवायला लागलेला माणूस नाही. मालवणच्या खडपांवर आजोबांच्या शेजारी बसून तंगूस बोटाला गुंडाळून गरी टाकायचो तेव्हापासून हा नाद आहे. त्यामुळे ल्युअर झिजतो हे मला तुम्ही शिकवायची गरज नाही. सुरमई एकदा चावली की रंग गेलाच, तिचे दात ब्लेडसारखे असतात. तोणकीने ओरखडे काढले, खडपाला आपटून टवका उडाला, यातल्या कशाचीही तक्रार मी आयुष्यात कुठल्या कंपनीकडे केलेली नाही आणि करणार पण नाही. माझी तक्रार झिजण्याची नाहीये. बॉक्सवर जे लिहिलंय ते आत नाहीये, ही तक्रार आहे.

झालं असं की आम्ही चौघे मित्र वर्षभर पैसे बाजूला टाकून फेब्रुवारीत अंदमानला जीटीसाठी गेलो. जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हली, आपल्याकडच्या कोकराचा पैलवान भाऊ म्हणा. विमान, राहणं, बोट, स्किपर, सगळा हिशोब केला तर एकेका दिवसाचा खर्च तुमच्या तिन्ही ल्युअरच्या किमतीहून जास्त होतो. म्हणूनच माणूस अशा ट्रिपला स्वस्तातला माल नेत नाही. मी तुमचा पॉपर घेतला तो फक्त एका ओळीसाठी, बॉक्सवर ठळक छापलंय 'फुल थ्रू-वायर, मरीन ग्रेड स्टेनलेस, १०० किलोपर्यंत टेस्टेड'. ज्यांना हे माहीत नसेल (आणि तुमच्या सपोर्टवाल्या मुलाला माहीत नव्हतं, त्याने मला चार्जिंगची वायर का असं विचारलं होतं) त्यांच्यासाठी सांगतो. थ्रू-वायर म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत ल्युअरच्या पोटातून एकच अखंड तार जाते आणि पुढची लाईन, मागचा हुक सगळं त्या तारेलाच अडकतं. म्हणजे जीटीने जबड्यात धरून प्लास्टिकचा चुरा केला तरी मासा तारेवर राहतो. ४,२०० रुपये कशाचे, तर या तारेचे. रंग आणि डोळे तर ३०० रुपयांच्या ल्युअरवर पण छान असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवाळाच्या कडेला, जिथे हिरवं पाणी संपून एकदम निळं होतं तिथे, बोट प्रवाहावर सोडून दिली होती. पीई ८ ची (जाड, विणलेली) लाईन, पुढे १५० पौंडाचा लीडर म्हणजे ल्युअरला बांधायचा जाड तुकडा, आणि ड्रॅग, म्हणजे किती जोराने ओढल्यावर रीलमधून लाईन सुटेल ते, स्प्रिंग बॅलन्स लावून १० किलोला सेट केलेला. अकरावा की बारावा कास्ट असेल, पॉपर दोनदा बुडबुडला आणि तिसऱ्याला खालून असा काही धक्का आला की मी रेलिंगला आपटलो. अर्धा मिनिट, फार तर पाऊण, तो सरळ खाली खडकाकडे निघाला, रॉड पूर्ण वाकलेला, स्किपर ओरडतोय की थांबव थांबव, आणि मग एकदम सगळं सैल. मला वाटलं लाईन तुटली. गुंडाळून बघतो तर लाईन शाबूत, लीडरला खरचटलेलं पण नाही, पॉपर जागेवर, फक्त शेपटीचा हुक नाही. हुक सरळ झाला नव्हता की रिंग उघडली नव्हती, आख्खी कडीच मुळापासून उपटून आली होती आणि तिथे भिंतीतला खिळा निघाल्यावर राहतं तसं भोक, कडेला प्लास्टिकचा भुसा. त्या भोकातून आत टॉर्च मारली. तार? तारेचा पत्ताच नाही.

स्किपरच्या अंदाजाने तो २५ किलोच्या आसपास असेल. सुटलेला मासा नेहमीच मोठा असतो हे मलाही कळतं, म्हणून २० धरा. जीटीचा जागतिक रेकॉर्ड ७२.८ किलोचा आहे, २००६ साली जपानच्या तोकारा बेटांजवळचा. तुम्ही १०० किलो छापलंय. मी रेकॉर्ड मागत नव्हतो हो, १० किलोचा ड्रॅग सोसला असता तरी पुरे होतं.

आणि मासा गेल्याचं दुःख नाहीये, आम्ही फोटो काढून सोडूनच देतो. पण तो मासा तोंडात हुक, रिंग आणि तुमचा तो स्क्रू घेऊन गेला. मी हुकाचे उलटे काटे पक्कडने दाबून घेतो म्हणून कदाचित त्याने तो झटकून टाकला असेल, पण ती टोचणी मला अजून आहे.

स्टिकबेटचं थोडक्यात सांगतो. एकही मासा न लागता, नुसत्या कास्टिंगने दीड दिवसात त्याची जोडाची शिवण नाकाजवळ उघडली आणि आत पाणी शिरलं. नारळ कानाशी हलवून बघतात ना तसा हलवला तर खळखळ ऐकू येते. आधी पाण्यात आडवा तरंगायचा तो आता शेपटी खाली टाकून उभा राहतो, ओढला की चालतच नाही, लाकडाचं ढलपं ओढल्यासारखा येतो. वापरलेल्या दोन्हींच्या रिंगा तिसऱ्या दिवशी तांबूस पडल्या. गोड्या पाण्यात धुतले का असं तुम्ही विचारलं होतंत, रोज संध्याकाळी बादलीत बुडवून फडक्याने पुसून ठेवत होतो. ३१६ ग्रेडचं, म्हणजे मरीन ग्रेडचं, स्टील तीन दिवसांत असं होत नाही हो, माझ्या रीलच्या बाजूला त्याच डब्यात दुसऱ्या कंपनीच्या रिंगा होत्या त्या अजून चकचकीत आहेत.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या तिसऱ्या मेलमध्ये लिहिलंय की 'अयोग्य वापरामुळे अंतर्गत तार तुटली असण्याची शक्यता आहे'. हे वाचून माझं डोकं फिरलं आणि मी दुसरा पॉपर, जो पाण्याला लागलेलाच नाही, तो कुडाळला मामेभावाच्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तो आधी हसला, मग पेशंट संपल्यावर बसला. त्याचं मशीन दाढेपुरतं असल्याने नाक, पोट, शेपूट असे तीन फोटो काढावे लागले. तिन्ही जोडलेत. नाकाला एक स्क्रू, शेपटीला एक स्क्रू, दोन्ही जेमतेम सव्वा इंच आत गेलेले, पोटात खुळखुळणाऱ्या चार गोळ्या, आणि मधे काहीच नाही. जी तार घातलीच नाही ती माझ्या अयोग्य वापराने तुटली कशी, हे मला कुणीतरी समजावून सांगा. मामेभाऊ म्हणाला रूट कॅनालच केलेलं नाहीये यात, वरून कॅप बसवलीये नुसती.

किमतीबद्दल पण बोलतो कारण 'प्रीमियम प्रॉडक्टची तुलना लोकल मालाशी करू नये' असं तुम्हीच लिहिलंत. आमच्या वाडीतल्या सुताराने पांगाऱ्याच्या लाकडातून मला एक पॉपर कोरून दिलाय, त्यात आरपार भोक पाडून मी स्वतः स्टीलची तार घातली, मजुरीसकट ३५० रुपये. तो दिसायला भयाण आहे, फेकला तर थोडा भिरभिरतो, तुमच्याइतका लांब जात नाही, हे सगळं मान्य. पण गेले तीन सीझन सुरमया चावून त्याचा रंग उरला नाही तरी कडी जागची हललेली नाही.

मला हवंय ते एवढंच. तिन्हींचे १२,६०० रुपये परत, कूपन नको, बदली माल नको. ट्रिपचा खर्च मी मागत नाहीये. आणि वेबसाईटवरून 'थ्रू-वायर' शब्द काढा, कारण पुढच्या सीझनला अजून कुणीतरी हाच पॉपर घेऊन जाईल. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नाहीये माझ्याकडे, बिल आहे, आयातदाराच्या स्टिकरसकट बॉक्स आहे. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवेन आणि मग सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच केस करता येते आणि एवढ्या रकमेला फी पण नाही, वकील असलेल्या मेहुण्याला विचारून लिहितोय.

पिकअप पाठवणार असाल तर दुपारी चारच्या आधी पाठवा, नंतर मी किनाऱ्यावर असतो. फुटलेला पॉपर आणि पाणी भरलेला स्टिकबेट लगेच देतो. एक्स-रेवाला मात्र पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय हातातून सोडणार नाही.

आपला,
ऑर्डरवर नाव आहेच