एकच 'ने', अर्थ किती!

संपादक महोदय,

'ने' हा एवढासा शब्द. आपण 'हे घेऊन ने' म्हणतो तो संस्कृतच्या 'नी' धातूतून आला, नेता आणि नायक पण त्याच घरातले. आता गंमत बघा, ग्रीसमध्ये 'ने' म्हणजे हो, शेजारच्या बल्गेरियात 'ने' म्हणजे नाही, आणि दोघांना लागून असलेल्या तुर्कीत 'ने' म्हणजे 'काय?' हा प्रश्न! सीमेवर तीन माणसं भेटली आणि एकाने नुसतं 'ने' म्हटलं तर बाकीच्यांनी काय समजायचं?

बल्गेरियन 'ने' आणि आपला 'न', 'नाही' हे एकाच मुळाचे, हजारो वर्षांपूर्वीच्या इंडो-युरोपियन भाषेतले (संस्कृत आणि युरोपातल्या बऱ्याच भाषांची ही पूर्वज), फ्रेंचमधला नकाराचा 'न' पण तोच. ग्रीक 'ने' मात्र वेगळा, जुना उच्चार 'नाइ', काळाच्या ओघात त्याचा 'ने' झाला. आणि कोरियन लोकही होकाराला 'ने'च म्हणतात, तिथे ग्रीकशी काही नातं नाही, निव्वळ योगायोग. जपानीत वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात, अगदी आपल्या 'हो ना?' मधल्या 'ना'सारखा, मला हा सगळ्यात जवळचा वाटतो.

म्हणून नुसता आवाज सारखा दिसला की 'हा आमच्याच भाषेतून गेला' असे जे मेसेज फिरतात ते पुढे पाठवण्याआधी शब्दाचा जुना उच्चार तरी बघा, ही कळकळीची विनंती.

- एक वाचक