नगेट, नाणे आणि मेटल डिटेक्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात मेटल डिटेक्टर घेऊन हौसेने फिरणाऱ्या एखाद्याला सोन्याचा मोठा गड्डा (नगेट) सापडला, की ती बातमी पाहता पाहता मराठी वाचकांपर्यंतही पोहोचते. मार्च २०२३ मध्ये अशीच एक बातमी जगभर गाजली. एका हौशी शोधकाला ४.६ किलो वजनाचा दगड मिळाला, त्यात सुमारे २.६ किलो सोने निघाले आणि त्याची किंमत २,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर ठरली. अशा बातम्यांत वजन असते, रुपयांतली किंमत असते. ते सोने कोणत्या जमिनीतून, कोणत्या कायद्याने आणि कोणत्या अटींवर त्या माणसाच्या मालकीचे झाले, हे मात्र बहुधा नसते. मी बेंडिगोच्या परिसरात राहतो आणि हा छंद जवळून पाहतो. इथे शिकायला आलेली मराठी मुले आणि त्यांना भेटायला आलेले आईवडील याविषयी उत्सुकतेने विचारतात. तिकडे महाराष्ट्रात तेच यंत्र गुप्तधनाच्या आशेने भलत्याच जागी नेले जाते. या दोन्ही गोष्टींमुळे हे पत्र लिहावेसे वाटले.

बॅलरॅट, बेंडिगो, मेरीबरो, डनॉली या गावांभोवतीच्या प्रदेशाला ‘सुवर्ण त्रिकोण’ म्हणतात. १८५१ साली इथे सोन्यासाठी झुंबड उडाली आणि तेव्हापासून या राज्यातून दोन हजार टनांहून अधिक सोने निघाले आहे. इथले सोने मुळात गारगोटीच्या शिरांमध्ये असते. कोट्यवधी वर्षांच्या ऊनपावसाने वरचा खडक झिजला, माती वाहून गेली, आणि पाण्याच्या एकोणीसपट जड असलेले सोने फार लांब न जाता उतारावर किंवा ओढ्याच्या तळाशी राहिले. म्हणूनच ५ फेब्रुवारी १८६९ रोजी मोलियागुल येथे जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा जगातला सर्वांत मोठा गड्डा झाडाच्या मुळांशी, जमिनीखाली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर मिळाला. त्यातून निव्वळ सोनेच सुमारे ७२ किलो निघाले. डनॉलीच्या तराजूत तो मावेना, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे करावे लागले. डिटेक्टरने सापडलेला आजवरचा सर्वांत मोठा गड्डा मानला जाणारा, २७ किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ १९८० साली किंगोवर या गावाजवळ मिळाला, तोही फुटभर खोलीच्या आतच.

हे वाचून कोणालाही वाटेल, की यंत्र घ्यावे आणि निघावे. प्रत्यक्षात हा चिकाटीचा आणि बहुतेकदा रिकाम्या हाताने परतण्याचा छंद आहे. यंत्राच्या कॉइलमधून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, तिथल्या धातूत क्षणभर विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्याचा प्रतिसाद कानाला आवाजाच्या रूपाने कळतो. इथली तांबडी माती लोहयुक्त असल्याने मातीच आवाज देते. त्या जमिनीची यंत्राला ‘ओळख’ करून देणे आणि हेडफोनमधल्या सलग गुणगुणीतला किंचितसा चढउतार टिपणे, हेच खरे कौशल्य आहे. एवढे करून बहुतेक वेळा हाती लागतात शिशाच्या गोळ्या, गंजके खिळे, बुटांच्या टाचांचे चुके आणि डब्यांचे पत्रे. सोने मिळालेच तर ते साधारणपणे तांदळाच्या दाण्याएवढे असते. खास सोन्यासाठी बनवलेल्या यंत्रांना अनेक हजार डॉलर पडतात, आणि बहुतेकांचे ते पैसे सोन्यातून कधी वसूल होत नाहीत. तरीही निवृत्त माणसे, शेतकरी, कधी अख्खी कुटुंबे या रानात आनंदाने दिवस घालवतात, आणि तो आनंद मला मनापासून मोलाचा वाटतो.

या आनंदाला कायद्याचा आधार आहे. सोने शोधण्याच्या परवान्याला इथे ‘मायनर्स राइट’ म्हणतात. तीस डॉलरच्या आसपास शुल्कात तो दहा वर्षांसाठी मिळतो आणि तो जवळ असेल तर सापडलेले सोने शोधणाऱ्याच्या मालकीचे होते. हा परवाना सरकारने सहज उदारपणे दिलेला नाही. १८५० च्या दशकात खाणकऱ्यांना, सोने मिळो वा न मिळो, सुरुवातीला दरमहा ३० शिलिंग भरावे लागत आणि पोलीस परवाने तपासत त्यांच्या पाठीमागे धावत. ३ डिसेंबर १८५४ रोजी बॅलरॅटच्या युरेका येथे खाणकऱ्यांनी उभारलेल्या लाकडी कोटावर सैन्याने हल्ला केला आणि वीसहून अधिक खाणकरी मारले गेले. पुढच्याच वर्षी मासिक शुल्क गेले आणि वर्षाला एक पौंडात, मतदानाच्या हक्कासह, मायनर्स राइट आला. त्याच १८५५ साली जहाजाने उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर लादला गेला आणि तो चुकवण्यासाठी हजारो चिनी शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात उतरून शेकडो किलोमीटर चालत इथे आले, हेही विसरता येत नाही. आज कोणत्याही देशातून आलेल्या माणसाला हा परवाना त्याच किमतीत मिळतो; तो न घेता रानात यंत्र फिरवणे मला या इतिहासाचा अवमान वाटतो.

परवान्याच्या अटी थोड्या पण पक्क्या आहेत. खणायचे ते हातातल्या अवजारांनीच. यांत्रिक अवजारांनी उकरणे किंवा स्फोटके वापरणे चालत नाही. झाडाझुडपांना इजा करायची नाही आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा. खासगी जमिनीत मालकाची परवानगी हवी. राष्ट्रीय उद्यानांत बहुतांश ठिकाणी मनाई आहे. कॅसलमेन डिगिंग्ज राष्ट्रीय वारसा उद्यानासारख्या काही ठिकाणी फक्त ठरवून दिलेल्या भागांत मुभा आहे. खड्डा बुजवण्याची अट तर अजिबात किरकोळ नाही, कारण उघड्या खड्ड्यात रात्री कांगारूचा किंवा जनावराचा पाय अडकून मोडतो, आणि दीडशे वर्षांपूर्वी ओरबाडलेल्या या जमिनीवर पुन्हा उभे राहिलेले रान आधीच नाजूक आहे. बेंडिगो परिसराचे मूळ रहिवासी असलेले जा जा वुरुंग लोक खाणींनी उलथून टाकलेल्या आपल्या या भूमीला ‘उलटीपालटी भूमी’ म्हणतात. त्यांची दगडी हत्यारे, चुलींच्या जागा, खुणा केलेली झाडे यांना हात लावायचा नाही, हे कायद्यानेच बजावले आहे. एखाद्या चित्रफितीत कोणी खड्डा तसाच टाकून विजयी मुद्रेने निघून जातो, तेव्हा पुढची जमीन सर्वांसाठीच बंद होण्याचा धोका तो ओढवून घेत असतो. आपल्या माणसांनी तरी असे करू नये, ही कळकळीची विनंती आहे.

आता महाराष्ट्राविषयी. नगेट ही निसर्गाने घडवलेली वस्तू आहे. ती मातीतून निघाली तर कोणत्याही माणसाच्या भूतकाळाचे पान फाटत नाही. किल्ल्याच्या किंवा पांढरीच्या (जुन्या गावठाणाच्या) टेकाडातल्या वस्तूची गोष्ट निराळी आहे. एखादी शिवराई, म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे नाणे, कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी, जळक्या मातीत की बांधकामाच्या भरावात सापडली, यावरून तो थर केव्हाचा हे ठरवायला मदत होते. उकरून खिशात घातलेली शिवराई केवळ तांब्याचा तुकडा उरते. त्याहून वाईट म्हणजे सोन्याच्या आशेने खणणारा लोखंडी खिळे, बाणांची टोके, शिशाच्या गोळ्या कचरा म्हणून फेकून देतो, आणि लढाई कुठे झाली, पहारा कुठे होता हे सांगणारा पुरावा नेमका त्यातच असतो. मार्च २०२५ मध्ये आपल्या सीमेलगतच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगडाजवळ एका चित्रपटानंतर पसरलेल्या अफवेमुळे लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते खणत होते. त्याच वर्षी जुलैत मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आहेत. या किल्ल्यांच्या मातीत पुढच्या पिढ्यांच्या संशोधकांसाठी बरेच काही शिल्लक आहे, ते तिथेच राहिले पाहिजे.

संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खोदणे गुन्हा आहेच. पण १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायदा अजून लागू आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जमिनीत सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दुसरीकडे, ठेव्यावर कोणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि आपसांत वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा हा कायदा देतो. सरकारने तो ठेवा स्वतःकडे घ्यायचे ठरवले, तर त्याच्या धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देण्याची तरतूद आहे. नांगरताना हंडा लागलेल्या प्रामाणिक शेतकऱ्याला घाबरून तो लपवायचे किंवा रातोरात वितळवायचे काहीच कारण नाही, पण ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचवणार कोण? तलाठी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत या तरतुदी सोप्या मराठीत लावल्या, तर कितीतरी नाणी वाचतील.

राज्याच्या पुरातत्त्व विभागाने प्रत्येक संरक्षित किल्ल्याच्या पायथ्याशी मेटल डिटेक्टर वर नेण्यास स्पष्ट मनाई करणारा फलक लावावा आणि गडांवर काम करणाऱ्या दुर्गप्रेमी संस्थांना अशी तक्रार नेमकी कोणाकडे करायची हे कळवावे. आपल्या वृत्तपत्रालाही विनंती आहे, की ऑस्ट्रेलियात कोणाला सोने सापडल्याची पुढची बातमी छापताना त्या माणसाकडे परवाना होता आणि आपल्याकडे किल्ल्यावर असे खणणे गुन्हा आहे, या दोन ओळी तिच्याखाली आवर्जून द्याव्यात.

आपला,
एक मराठी वाचक
बेंडिगो, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया