हिमगौरीची लेक आईच्याच वयाची कशी?

संपादक महोदय,

‘वन्स अपॉन अ टाइम’ या परीकथांवरच्या अमेरिकी मालिकेबद्दल आपल्या पुरवणीत आलेली वाचकांची मतं वाचली. कोण देखणं, कोणाची जोडी शोभते, यातच बहुतेकांची शाई संपली आहे. (हिमगौरी झालेली जिनिफर गुडविन आणि राजपुत्र झालेला जोश डॅलस यांनी 2014 मध्ये खरंच लग्न केलं. मिटला की जोडीचा प्रश्न!) एका वाचकाने मात्र पात्रयोजनेवरच बोट ठेवलं आहे: एमा जर हिमगौरीची मुलगी, तर या दोघी बहिणी-बहिणी का दिसतात?

दिसणारच. एमाचं काम करणारी जेनिफर मॉरिसन गुडविनपेक्षा पुरत्या एका वर्षानेही लहान नाही. दुष्ट राणीच्या शापामुळे परीकथांतली पात्रं जादूच्या राज्यातून आपल्या जगातल्या स्टोरीब्रूक गावात येऊन पडली आहेत, आणि तिथे 28 वर्षं काळ थांबलेला आहे. शापाबाहेर वाढलेली मुलगी मोठी झाली, आई होती तिथेच राहिली. शाप सुटल्यावर आई लेकीला कवटाळते आणि लेकीला त्या मिठीत हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही. आईच्या जागी केस पिकलेली नटी असती तर या प्रसंगात उरलं काय असतं? नेहमीचं रडं.

मी हौशी संघासाठी नाटकं बसवते. माणसं कायम कमी, म्हणून एकेकाच्या गळ्यात दोन-तीन भूमिका. त्यामुळे रॉबर्ट कार्लाइलवर माझा फार जीव. पेंढ्याचं सोनं कातणारा रम्पलस्टिल्टस्किन, सुंदरीवर जीव जडलेला पशू आणि ‘पीटर पॅन’मधल्या कॅप्टन हुकच्या मागे लागलेली मगर, अशी तीन गोष्टींतली तीन पात्रं लेखकांनी या एका नटाकडे दिली. जादूच्या राज्यात तो चिरक्या आवाजात खिदळतो, बोटं नाचवतो. गावात तोच मिस्टर गोल्ड होऊन काठी टेकत येतो, हळू बोलतो, आणि समोरच्याला घाम फुटतो. लाना पॅरियाची राणीही तशीच, तिकडे भरजरी झगा आणि इकडे महापौरबाईंचा कडक सूट. तालमीत हे दाखवून शिकवता येत नाही हो.

मालिका बिघडली ती पुढे, भरती सुरू झाल्यावर. हुक आला तो ठीक. मग चिनी दंतकथेतली लढवय्यी मुलान, रॉबिन हूड, चौथ्या पर्वात ‘फ्रोझन’ चित्रपटातल्या एल्सा आणि अ‍ॅना. पात्र विंगेतून आत येतं, टाळी घेतं आणि त्याला काम उरत नाही. मुलानला मनातलं प्रेम सांगायचं होतं; ते ओठांवरच ठेवून तिला रॉबिनच्या टोळीत धाडलं, ती पुन्हा दिसली पाचव्या पर्वात. मेगन ओरीच्या रूबीचं तर मला फारच वाईट वाटतं. पहिल्या पर्वात कळतं की रेड रायडिंग हूड हीच लांडगा आहे. एवढी जबर कलाटणी हाती असताना तिच्याकडे पुढे जवळजवळ दुर्लक्षच झालं.

आणि तिची आजी? बेव्हर्ली इलियट या बाईंच्या वाट्याला कधी दोन वाक्यं, कधी नुसतं खाणावळीच्या काउंटरमागे उभं राहणं. पण प्रसंग पडला की ही आजी आडवं धनुष्य उचलते आणि एक भुवई चढवून नायकांची फजिती करते. आपल्या एकाही वाचकाने तिचं नाव घेतलं नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपली,
एक नाट्यवेडी वाचक