गेंडामाळावरून सुन्यास

सातारा,
९ सप्टेंबर

प्रिय सुन्या,

रविवारी फाशीच्या शिक्षेवरून बोलताना तू फोन आपटलास ते बरोबरच केलंस, तोंड मीच सोडलं होतं. "तुझ्या पोरीवर अशी वेळ आली असती तर?" असं तू विचारलंस आणि मी गप्प झालो. खरं सांगू? मी त्या गुन्हेगाराला स्वतःच्या हातांनी मारला असता. पण बाप म्हणून मला जे वाटेल तेच सरकारने करावं का, एवढाच माझा मुद्दा आहे. फोनवर नीट मांडता आला नाही, म्हणून हे पत्र.

काल आठ तारीख, म्हणून सकाळी पावसातच गेंडामाळावर जाऊन आलो. १८५७ साली याच दिवशी इंग्रजांनी बंडासाठी इथे १७ जण मारले. कुणी फासावर, कुणी तोफेच्या तोंडी, कुणी गोळ्या खाऊन. सातारच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी यांचा मुलगाही त्यांत होता. आज आपण त्यांना हार घालतो, पण इंग्रजांच्या दप्तरी ते कायद्याने ठरलेले गुन्हेगारच होते रे.

तू म्हणालास, आपण माहुलीच्या रामशास्त्र्यांच्या मुलखातले, देहान्त प्रायश्चित्त आपल्या रक्तात आहे. अरे पण शास्त्रीबुवांनी ते सुनावलं कुणाला? राघोबादादाला, म्हणजे थेट सत्तेला! त्यातही दादाचं कुणी काही वाकडं केलं नाही. शास्त्रीबुवाच पुणं सोडून गेले.

माझं मत कुठे फिरलं ते सांगतो. कोर्टासमोर दुकान असल्याने निकालांच्या झेरॉक्स काढताना चार ओळी वाचल्या जातात. २०१९ चा एक निकाल मात्र मी गिऱ्हाईक ताटकळत ठेवून वाचला. नाशिककडचा दरोडा-खुनांचा खटला, आरोपी भटक्या जमातीतले सहा जण. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून त्यांनाही फाशी सुनावली. दहा वर्षांनी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंतून भलतीच चार माणसं ओळखली होती, आणि त्यांच्या मागे कुणी गेलंच नव्हतं. सहा जणांची सोळा वर्षं तुरुंगात गेली. भरपाई प्रत्येकी ५ लाख. मधल्या काळात दोर ओढला असता तर ते ५ लाख कुणाच्या हातात ठेवले असते?

इंग्लंडात तर ओढलाच. टिमथी एव्हान्सला पोटच्या मुलीच्या खुनासाठी १९५० मध्ये फाशी झाली. त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा त्याच घरातला क्रिस्टी हाच अनेक बायकांचा खुनी होता, हे १९५३ मध्ये उघड झालं. एव्हान्सला माफी मिळाली ती १९६६ मध्ये, मेल्यावर सोळा वर्षांनी. तोवर तिथे खुनासाठी फाशी थांबली होती.

फाशी रद्द करणाऱ्या देशांची यादीही लांब आहे. व्हेनेझुएलाने १८६३ मध्येच फाशी काढली. नेपाळ, भूतानमध्येही ती नाही. फ्रान्समध्ये १९८१ साली बहुसंख्य लोक तुझ्याच बाजूचे होते, तरी न्यायमंत्री बादँतेर यांनी कायदा करून घेतला. मला सगळ्यांत भिडला तो झिम्बाब्वे. गोऱ्यांच्या राजवटीत म्नांगाग्वांना मृत्युदंड झाला होता, वय कमी म्हणून ते वाचले. पुढे तेच राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०२४ च्या डिसेंबरात फाशी रद्द करणाऱ्या कायद्यावर त्यांचीच सही झाली. (माणूस म्हणून ते कसे आहेत, हा वेगळा विषय.) गेंडामाळावर काल तेच डोक्यात घोळत होतं. आणि आपल्याकडे बाबासाहेब घटना समितीत १९४९ मध्येच म्हणाले होते की फाशीची शिक्षाच काढून टाकावी, हे तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं.

आता तुझी बाजू. लहान मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या त्या बहिणींचं प्रकरण गाजत होतं तेव्हा आई मला एस.टी. स्टँडवर हात सोडू देत नसे. दयेच्या अर्जावर सरकारने वर्षानुवर्षं घोळ घातला म्हणून २०२२ मध्ये हायकोर्टाने त्यांची फाशी जन्मठेपेवर आणली. त्या रात्री आईने ताट बाजूला सारलं. मी तिला काहीच समजावलं नाही. तिला समजवायला माझ्याकडे आजही काही नाही.

दसऱ्याला ये. नाशिकच्या त्या निकालाची प्रत सोबत पाठवतोय, पानं बरीच आहेत. झेरॉक्सचे पैसे लावत नाही, पण पूर्ण वाचून मगच भांडायला ये.

तुझाच,
बाळ्या