संशोधनाच्या बातमीत ‘कसे’ हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात विज्ञानाच्या बातम्या नेमाने येतात, याचे मला मोल वाटते. म्हणूनच ही तक्रार मनापासून करतो आहे. ‘शास्त्रज्ञांना अमुक आढळले’ इथे बातमी सुरू होते आणि ‘यामुळे तमुक शक्य होईल’ इथे संपते. ते आढळले कसे, मोजले कशाने, किती वेळा, कशाशी ताडून पाहिले, हा मधला भाग जवळपास दर वेळी गळतो. जागा कमी असते हे समजते, पण कात्री नेमकी तिथेच का चालावी?

मी एकतीस वर्षे कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळेत काढली. मोजण्याची साधने बरोबर मोजतात की नाही, हे तपासणे आमचे काम. नवा मुलगा कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात 100 मिलिमीटरची स्लिप गेज द्यायचो. आरशासारखी घासलेली पोलादाची वडी. ती काही मिनिटे मुठीत धरायला सांगायची आणि लगेच मोजायला लावायची. रीडिंग चार-पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे चार-पाच हजारावे भाग, जास्त यायचे. मुलगा गोंधळून पुन्हा मोजायचा, तर आकडा हळूहळू उतरत असायचा. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढते. तळहाताच्या उबेने वडी चार अंश तापली की एवढा फरक पडतोच. म्हणून तर जगभर लांबीची मापे 20 अंश सेल्सिअसला धरतात. त्या दिवसानंतर तो मुलगा नुसता आकडा कधी सांगत नसे. किती तापमानाला मोजले आणि किती चूक संभवते, हे आपणहून जोडायचा. बातमीतही मला एवढेच हवे आहे.

सप्टेंबर 2011 मधली एक बातमी आठवा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो कण जमिनीखालून सुमारे 730 किलोमीटर जाऊन इटलीतल्या ग्रान सासो इथे प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जावे भाग) आधी पोहोचतात, असे ‘ऑपेरा’ गटाच्या मोजणीत दिसले होते. प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही म्हणणारा आइन्स्टाइन चुकला, असा सूर सगळीकडे लागला. प्रत्यक्षात त्या गटाने आपले मोजमाप उघड मांडून इतरांना म्हटले होते की आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा. पुढच्या फेब्रुवारीत ती सापडली. उपग्रहाकडून मिळणारी वेळ भुयारातल्या घड्याळापर्यंत नेणाऱ्या प्रकाशतंतूच्या केबलचा जोड नीट बसलेला नव्हता. त्यामुळे प्रकाश कमी पोहोचे, पलीकडच्या सर्किटला तो जाणवायला उशीर होई, वेळेचा ठोका मागे पडे आणि कण लवकर आल्यासारखे दिसत. मोजणीच्या व्यवस्थेतला आणखी एक दोष उलट दिशेचा निघाला. जोड घट्ट बसवून पुन्हा मोजले तेव्हा न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळला. 60 नॅनोसेकंदांत प्रकाश 18 मीटर जातो. 730 किलोमीटरच्या वाटेत 18 मीटरचा हिशेब चुकला आणि तो शोधून काढला, याचे मला आजही अप्रूप वाटते. त्या मूळ बातमीत प्रवासाची वेळ कशी मोजली याच्या तीन ओळी असत्या, तर वाचकाने स्वतःच विचारले असते, घड्याळे तपासली का?

माणसाचे मन स्वतःलाच फसवते, हे गृहीत धरून केलेल्या युक्त्या तर आवर्जून सांगण्यासारख्या आहेत. स्ट्रेप्टोमायसिन क्षयावर चालते का, हे तपासणारी चाचणी ब्रिटनमध्ये झाली आणि 1948 साली तिचे निष्कर्ष छापून आले. कुणाला औषध द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते. ते यादृच्छिक आकड्यांनी आधीच ठरवून बंद पाकिटांत ठेवले होते. एक्स-रे पाहणाऱ्यांना कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नव्हते. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या 55 जणांपैकी 4 दगावले, न घेणाऱ्या 52 पैकी 14. पाकिटे नसती तर त्यातल्या त्यात धडधाकट रुग्ण औषधाच्या गटात गेले, अशी शंका कायम राहिली असती.

बंद पाकीट खगोलशास्त्रातही आले. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो प्रकल्पात मोजक्या लोकांना खोटा संकेत यंत्रात गुपचूप सोडण्याची मुभा होती. सप्टेंबर 2010 मध्ये एक संकेत आला. शेकडो शास्त्रज्ञांनी कित्येक महिने तो पिंजून काढला, शोधनिबंधाचा मसुदाही तयार केला. संकेत खरा की सोडलेला, हे ज्यात होते ते पाकीट मार्च 2011 मध्ये भर बैठकीत उघडले. संकेत बनावट होता. निराशा झालीच असेल, पण आपली पद्धत खरा संकेत पकडू शकते हेही त्यांना कळले. 14 सप्टेंबर 2015 रोजी सुमारे 3,000 किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांत 7 मिलिसेकंदांच्या फरकाने एकसारखीच थरथर उमटली, तेव्हा पहिला प्रश्न हाच होता, हा कुणी सोडलेला तर नाही? नव्हता. तरी जाहीर करायला त्यांनी फेब्रुवारी 2016 उजाडू दिला.

अभियांत्रिकीत तर पद्धत डोळ्यांना दिसते. 1954 मध्ये कॉमेट जातीची दोन जेट विमाने हवेतच फुटली. तपासासाठी त्याच जातीचे एक विमान फार्नबरो इथे पाण्याच्या टाकीत उतरवले, आतही पाणी भरले आणि उड्डाणागणिक पडणारा दाब पुन्हा पुन्हा दिला. पाणी कशाला? दाबलेली हवा भोक पडताच बॉम्बसारखी फुटते, पुरावा विखुरतो. पाणी जवळजवळ दबत नाही. चीर जिथे पडली तिथेच थांबते. खरी आणि कृत्रिम मिळून सुमारे 3,000 उड्डाणे झाली आणि खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून पत्रा फाटला. दोष होता धातूच्या थकव्याचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून धातू कमजोर होण्याचा.

शेवटी एका पत्राविषयी लिहितो, कारण मीही पत्रच लिहितो आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1892 साली ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाच्या संपादकांना पत्र पाठवले होते. हवेतला ऑक्सिजन काढून उरलेला नायट्रोजन आणि काही अंशी अमोनियापासून मिळवलेला नायट्रोजन यांच्या वजनात हजारात एक इतका फरक पडतो, मी कोड्यात पडलो आहे, वाचकांतल्या रसायनतज्ज्ञांनी काही सुचवावे, अशी विनंती त्यात होती. एवढा फरक कुणीही सरासरीत बुडवला असता. रॅले यांनी तो मुद्दाम मोठा केला. सगळा नायट्रोजन अमोनियापासूनच काढला, तेव्हा फरक दोनशेत एक झाला. त्यांच्या काचेच्या गोळ्यात हवेतला वायू 2.31 ग्रॅम भरे, रासायनिक 2.30. मग रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमला शोषू दिला, तर थोडा वायू उरला आणि तो कशाशीच संयोग पावेना. नायट्रोजनहून जड असलेला तो वायू म्हणजे आरगॉन. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात तो जवळपास एक टक्का असतो. 1904 मध्ये दोघांनाही नोबेल मिळाले, एकाला भौतिकशास्त्राचे, दुसऱ्याला रसायनशास्त्राचे.

आता विनंती. संशोधनाच्या प्रत्येक बातमीखाली दोन-तीन ओळी राखून ठेवा. किती नमुने, उंदरांवर की माणसांवर, तुलना कशाशी, दुसऱ्या कुणी करून पाहिले का, एवढे पुरे. ‘धोका दुप्पट’ असे लिहिताना तो दहा हजारांत एकाचा दोन झाला की शंभरात दहाचा वीस, हे सांगा. आणि निष्कर्ष मागे घेतला गेला तर तेही कळवा. माझ्या कात्रणवहीत न्यूट्रिनोची पहिली बातमी पहिल्या पानावरची आहे, ठळक मथळ्याची. सैल केबलची बातमी आतल्या पानाच्या तळाशी चार ओळींत आहे. दुरुस्ती पहिल्या बातमीच्याच पानावर आणि तेवढ्याच टाइपात यावी, एवढी माझी मागणी आहे.

कळावे,
आपला एक जुना वाचक