नाव न विचारलेल्या माणसांचे आभार

चोर बाजारातून आणलेला १९७०च्या दशकातला मरांट्झ २२३० रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत) काल रात्री पुन्हा गाऊ लागला. ज्यांच्यामुळे हे झालं, त्यांची नावं विचारायची राहून गेली, म्हणून इथे लिहितोय.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातले काका, मी कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे, मायक्रोफॅरडमध्ये मोजले जाणारे छोटे भाग, घ्यायला आलो तेव्हा "मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्ट जास्त चालतील, कमी अजिबात नको," असं सांगून तुम्ही एकेक कपॅसिटर मीटरवर मोजून दिलात.

आणि ते वयस्क मेकॅनिक! मी थेट प्लग लावणार, तेवढ्यात तुम्ही माझा हात धरलात. सेट १२० व्होल्टचा, आपली लाइन २३०ची. आधी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणायला लावलात, मग शंभर वॉटचा साधा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे सेटकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच, जोडलात; आत शॉर्ट असेल तर तो लख्खच पेटून राहतो. बल्ब क्षणभर लख्ख पेटला आणि मंदावत गेला, शेवटी नुसती तार लालसर उरली. "शॉर्ट नाही. जगेल हा," म्हणालात. पैसे काही केल्या घेतले नाहीत.

डायलचा निळा उजेड, अंगठ्याखाली फिरणारं ट्यूनिंगचं आडवं चाक, आणि विविध भारती. घरघर पार गेली. बाबा पलंगावरून उठून स्पीकरजवळ येऊन बसले. मनापासून आभार, काका. तुम्हा दोघांचेही.