फेलोशिपची वयाची अट पीएच.डी.च्या तारखेपासून मोजावी

महोदय,

दहावी-बारावीच्या निकालानंतर करिअर मार्गदर्शनाच्या पुरवण्या निघतात, पीएच.डी. झालेल्यांनी पुढे काय करावे, याविषयी मात्र मराठीत फारसे लिहिले जात नाही. खान्देशातील पीएच.डी.धारक बहुधा तासिका तत्त्वावर शिकवत प्राध्यापक भरतीची वाट पाहत राहतो. अशांसाठी कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स, म्हणजे स्मृती, भाषा, अवधान या क्रिया मेंदूत कशा घडतात याचे शास्त्र, ही एक खरीखुरी वाट आहे; पण ती फेलोशिपच्या वयोमर्यादेपाशी अडते.

मेंदू म्हटला की ते डॉक्टरांचे क्षेत्र, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात फंक्शनल एमआरआयचा, म्हणजे मेंदूचा कोणता भाग केव्हा काम करतो हे चित्रांतून दाखवणाऱ्या तंत्राचा, पाया भौतिकशास्त्रात आहे. रक्तातील हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म प्राणवायू असताना आणि नसताना वेगळे असतात, आणि याच फरकाचा उपयोग करून सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये ही पद्धत मांडली. पुढचे काम संख्याशास्त्राचे. मेंदूच्या एका चित्रातील हजारो बिंदूंवर एकाच वेळी चाचण्या लावल्या आणि योग्य दुरुस्ती केली नाही, तर मेलेल्या सामन माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसते, हे एका गटाने प्रत्यक्ष दाखवले आणि आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचा 2012 चा इग नोबेल पटकावला! एसपीएम, एफएसएल ही विश्लेषणाची सॉफ्टवेअर मोफत आहेत, ‘ओपनन्यूरो’ या संकेतस्थळावर मेंदूच्या चित्रांची खरी माहितीही खुली आहे. त्यामुळे घरी संगणक असलेल्या विद्यार्थ्याला अमळनेरात बसूनही सराव करता येतो. मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूचे निम्हान्स (मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्था) आणि भारतीय विज्ञान संस्था अशा ठिकाणी संशोधनासाठी अर्ज करण्यापूर्वी एवढी तयारी असलेली बरी.

विषयही आपल्या अंगणात आहेत. घरात अहिराणी किंवा भिली बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठी वाचायला शिकते, तेव्हा वाचनाची अडचण कोणती आणि निव्वळ भाषेच्या अंतराची कोणती, हे ओळखायचे कसे? मानेसरच्या केंद्राने वाचन-अक्षमतेच्या चाचण्या मराठीतही तयार केल्या आहेत. त्यापुढचा हा प्रश्न आपल्याकडच्या संशोधकाला अधिक नेमका विचारता येईल, असे मला वाटते.

अडचण आहे ती वयाची. संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्र सरकारच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या दोन वर्षांच्या राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल (पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठीच्या) फेलोशिपला वयोमर्यादा 35 आहे. महिला, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांना पाच वर्षांची सवलत मिळते. माझा एक विद्यार्थी दोन महाविद्यालयांत तासिका घेत, एरंडोल-धरणगावच्या बसमध्ये निम्मा प्रबंध वाचून काढत छत्तिसाव्या वर्षी पीएच.डी. झाला आणि त्याच दिवशी या फेलोशिपला अपात्रही ठरला. युरोपीय संघाच्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपला वयाचे बंधन नाही, तेथे त्याऐवजी पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा अधिक नसावा, असे पाहतात आणि युरोपात राहून करायच्या फेलोशिपला अर्जदार कोणत्याही देशाचा चालतो. म्हणजे जो ब्रसेल्सला चालतो तो दिल्लीला चालत नाही.

फाउंडेशनने ही मर्यादा जन्मतारखेऐवजी पीएच.डी.च्या तारखेपासून मोजावी. तोवर जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने प्रबंध सादर करण्याच्या टप्प्यावरच प्रत्येक विद्यार्थ्याला या फेलोशिपची व तिच्या मुदतीची लेखी माहिती द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक, अमळनेर (जि. जळगाव)